रिकामी लाइन

मीटर बरोबर निघालं आणि मंजुळाबाईंचं तोंड उतरलं. बद्रीनाथच्या ते आधी लक्षातच आलं नाही, कारण तो पडद्याकडे पाहत होता आणि पडद्यावर शंभर टक्के असा आकडा उमटला होता. चिकलठाण्याच्या या कंपनीत इतकी वर्षं काढून त्याने शंभर टक्के हा आकडा फक्त युनियनच्या नोटिशीत वाचला होता, प्रत्यक्षात कधी पाहिला नव्हता. "घ्या, सुटलात," म्हणून तो खुर्चीतल्या खुर्चीत वळला, तर बाई ओठ दुमडून बसलेल्या. काय झालं, असं त्याने विचारलं. काही नाय सर, असं त्या म्हणाल्या. मीटर पास झालं की, असं तो म्हणाला. "व्हय सर," त्या म्हणाल्या, "लईच पास झालं." कॉम्प्युटर रूमच्या गारव्यात बद्रीनाथला उगाचच मानेवर घाम आल्यासारखं वाटलं. आनंदाच्या जागी कुणी आनंदी दिसलं नाही की त्याला नेहमीच आपलं काहीतरी चुकलं असं वाटायचं, मग ते लग्न असो की पगाराचा दिवस.

कंपनीची दोन कारखान्यांत वाटणी होती. जुना कारखाना इथे चिकलठाण्याला, नवा तिकडे वाळूजला. मोठा कॉम्प्युटर चिकलठाण्याला, आणि वाळूजच्या स्टोअरमध्ये नुसते पडदे आणि कळफलक. मधे शहर ओलांडून जाणारी, भाड्याने घेतलेली एक टेलिफोनची लाइन. अमुक बेअरिंग किती शिल्लक आहे, तमुक ट्रकचा माल चढवला का, हे वाळूजवाल्यांनी विचारायचं आणि इथून उत्तर जायचं, सगळं त्या एका लाइनीवरून. ती लाइन किती भरते आणि किती रिकामी राहते हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यासाठीचं परदेशी यंत्र मागवायचं तर मंजुरीलाच वर्ष गेलं असतं. तेव्हा मंजुळाबाईंनी, म्हणजे उमेदवारीवर घेतलेल्या आणि अजून कुणाच्या फारशा खिजगणतीत नसलेल्या मुलीने, अकाउंट्सवाल्यांनी टाकून दिलेला एक कॉम्प्युटर उचलून आणला, लाइनीला एक वायर जोडून घेतली, प्रोग्राम लिहिला आणि मीटर उभं केलं. तीन महिने ते चालू होतं. दर आठवड्याला त्याचे आकडे पुण्याच्या हेड ऑफिसला जात. उद्या तिथले कानडखेडकर साहेब स्वतः ते तपासायला येणार होते. मीटर बरोबर निघालं तर कंपनीच्या सगळ्या कारखान्यांत बसणार आणि मंजुळाबाई कायम होणार. नाही निघालं तर महिनाअखेर उमेदवारी संपते, नमस्कार. डिपार्टमेंटच्या मुख्यांनी हे त्यांना याच शब्दांत सांगितलं होतं, आणि वर चहाही पाजला होता.

आजची ही रंगीत तालीम बद्रीनाथने घेतली होती. तालमीची युक्तीही त्याचीच. वर्षभराच्या हिशोबाची एक अवाढव्य फाइल त्याने वाळूजला पाठवली. तिचा आकार त्याला माहीत होता. मीटरने तेवढाच मोजून लाइन शंभर टक्के भरल्याचा आकडा दाखवला पाहिजे. दाखवला. त्याला मोजण्याच्या यंत्रांचं लहानपणापासून वेड. गावी चुलत्यांच्या, नानासाहेबांच्या अंगणात कापसाचा मोठा काटा टांगलेला असायचा आणि हंगामाच्या सुरुवातीला तो तपासायची रीत अशी होती की, पारड्यात स्वतः नानासाहेब बसायचे. नानासाहेबांचं वजन ठरलेलं होतं. ते कमी भरवण्याची काट्याची काय बिशाद. काटा बरोबर आहे असं जाहीर व्हायचं आणि मग त्याच काट्यावर वेचणाऱ्या बायांची लहान लहान गाठोडी चढायची, आणि बाया म्हणायच्या, दादा, काटा हललाच नाही की वो. मोठ्या वजनाला चोख असलेला काटा लहान वजनाला आळशी असू शकतो, हे त्या वयात त्याच्या डोक्यात आलं नाही. त्या बायांच्या बडबडीत काही अर्थ असेल हेही नाही. अंगणात सरकीचा वास दाटलेला असायचा आणि पारड्यात बसलेले नानासाहेब राजासारखे दिसायचे, एवढंच त्याला आठवत होतं.

"सर, एक विचारू का?" मंजुळाबाई म्हणाल्या. "फकिराभाऊ खोटं बोलत असतील का?"

म्हणजे हे होतं तर. फकिरा हा वाळूजच्या स्टोअरचा कारकून. गेले तीन महिने तो फोन करकरून तक्रार करत होता की लाइन तुंबते, एका बेअरिंगचं उत्तर यायला बिडी ओढून होते, खिडकीपुढे माणसांची रांग लागते. इकडे मीटर सांगत होतं की लाइन तीनातले दोन वाटे रिकामीच असते. पुण्याने मीटरचं ऐकलं. वाळूजला दुसरी लाइन हवी ही मागणी फेटाळली गेली आणि उशिराचं खापर फकिरावर फुटलं. येत्या एक तारखेपासून त्याची बदली भंगार यार्डात. त्यावर त्याने बद्रीनाथला फोन करून विचारलं होतं, "बद्रीभाऊ, तुमचं मीटर म्हणतं लाइन रिकामी हाय. मग ही माझ्याम्होरं उभी ऱ्हायलेली माणसं काय जत्रंला आल्यात का?" बद्रीनाथ हसला होता. फकिरा तक्रारही अशी करायचा की ऐकणाऱ्याने हसून सोडून द्यावी. पण आता त्याला वाटलं, हसून सोडून देणं ही सोय फकिराने केलेली नव्हती, आपण करून घेतली होती.

"खोटं नाही हो," तो बाईंना म्हणाला, "पण माणूस वाढवून सांगतो. मीटर वाढवून सांगत नाही."

"मीटर मीच लिहिलंय की सर."

पोराचं कौतुक आईने करावं तर ही आई उलट त्याच्या दप्तरात काय आहे ते तपासत होती. बद्रीनाथला तिचा थोडा रागच आला. चांगलं चाललेलं असताना खरवडून पाहायची ही खोड त्याला स्वतःला नव्हती, आणि नसलेल्या गोष्टीचा माणसाला राग लवकर येतो. त्याने पाहिलं, बाईंनी फोन ओढून घेतला आणि वाळूजचा नंबर फिरवला. "फकिराभाऊ, मी मंजुळा. एक काम करता का? आत्ता थोडा वेळ एकेक पार्टच विचारा. एक विचारायचा, उत्तर आलं की दुसरा. बाकी काही पाठवू नका." फोनमधून फकिराचा आवाज बद्रीनाथपर्यंत पोचला: "बाई, मग आमी दिवसभर दुसरं करतो काय?"

फोन ठेवला. दोघे पडद्याकडे पाहत बसले. कॉम्प्युटरशेजारी मोडेमची काळी पेटी होती, तिच्यावर एक लाल दिवा. लाइनीवरून काही गेलं की तो लुकलुकायचा. तो लुकलुकला. थांबला. पुन्हा लुकलुकला. तिकडे फकिरा विचारत होता, इकडून उत्तर जात होतं, दिवा डोळा मारल्यासारखा उघडझाप करत होता आणि पडद्यावर मीटर शून्य दाखवत होतं. थोडंसं नाही, कमी नाही, साफ शून्य. बद्रीनाथ एकदा दिव्याकडे पाही, एकदा पडद्याकडे. दोन्ही एकाच लाइनीला जोडलेले होते. दिव्याला दिसत होतं ते मीटरला दिसत नव्हतं. कारण नसताना त्याला फकिराचं एक जुनं बोलणं आठवलं. कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता, हसत हसत सांगितलेलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली, अठ्ठ्याहत्तरला, त्यांच्या गावात घरं जळाली त्यात फकिराचंही जळालं. नंतर पंचनाम्याला माणूस आला. काय काय होतं घरात, असं त्याने विचारलं. फकिराच्या आईने, चंपाबाईने सांगितलं: दोन पातेली, एक गोधडी, पाच कोंबड्या, पोराची पुस्तकं. "त्यानं लिवलं," फकिरा बशीत चहा ओतत म्हणाला होता, "विशेष काही नाही." आणि स्वतःच हसला होता. बद्रीनाथही हसला होता, कारण तोच हसत होता ना. आता पडद्यावरच्या शून्याकडे पाहताना ते हसू त्याला नकोसं झालं.

मंजुळाबाईंनी डोळे मिटले होते. त्यांच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, कुणी न बोलता काही मोजतं तशी. मग त्यांनी डोळे उघडले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सर, कळलं." त्या सांगत गेल्या आणि बद्रीनाथ ऐकत गेला. लाइनीवरून मजकूर सलग जात नाही, त्याचे ब्लॉक पडतात. मोठी फाइल असेल तर हजारो ब्लॉक, एका पार्टची विचारणा असेल तर एकच. आणि बाईंनी लिहिलेलं मीटर पहिला ब्लॉक आला की जागं व्हायचं, आणि मोजायला सुरुवात दुसऱ्यापासून करायचं. हजारोंतला एक गळाला तर टक्केवारीत दिसतही नाही. एकातला एक गळाला तर उरतं शून्य. "पण असं लिहिलंत का तुम्ही?" बद्रीनाथने विचारलं. त्याच्या आवाजात चीड नव्हती, त्याला खरंच कळत नव्हतं. इतकी हुशार मुलगी.

"माझा बा मेंढरं राखायचा," त्या म्हणाल्या. "आता इथंच एका बांधकामावर वॉचमन आहे, पण तेव्हा राखायचा. सकाळी वाघरीतनं, म्हणजे जाळीच्या कुंपणातनं, मेंढरं बाहेर काढताना मोजायची ना, तर पहिलं निघालेलं मेंढरू बिरोबाचं. ते मोजायचं नाय. त्याला नुसते हात जोडायचे. मग एक, दोन, तीन. मी मोजायला तशीच शिकले सर. शाळेत जायच्या आधी."

"मग हिशोब चुकायचा नाही?"

"शेकड्यानं मेंढरं. एक जास्तीचं आहे हे सगळ्यांना ठावं असायचं. कुणाचं काय बिघडतंय." त्या थांबल्या. "फक्त आमच्या तळावर पुतळाबाई म्हणून एक म्हातारी होती. तिच्याकडं एकच मेंढी. ती निघाली की बा हात जोडायचा आणि पुतळाबाई म्हणायची, माझं कवा मोजशील रं बिरू?" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळ्याचा कोपरा पुसला. "आम्हाला त्याची लई मजा वाटायची, सर."

बद्रीनाथ उठून खिडकीपाशी गेला. बाहेर जालना रोडवरून ट्रक चालले होते, पलीकडे शेजारच्या कारखान्याच्या पत्र्यांवर ऊन होतं. ज्या माळावर बाईंचा बाप बिरू मेंढरं घेऊन उतरायचा तो माळ असाच कुठल्या तरी पत्र्यांखाली गेलेला असणार. आता काय करायचं हे त्याला लख्ख दिसत होतं, आणि ते इतकं सोपं होतं की त्याला हलकंच वाटलं. तो परत येऊन म्हणाला, "बाई, एक ओळ तर बदलायची आहे. आत्ता बदला. उद्या साहेब आले की मोठी फाइल पाठवू, मीटर शंभर टक्के दाखवील आणि ते खरंही असेल. उद्यापासून आकडे आपोआप वाढतील. वाळूजचं काम वाढलंय म्हणू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि फकिराभाऊंची बदली?"

"ती बघू ना. तुम्ही एकदा कायम झालात की सांगू हळूच."

त्यांनी मान हलवली, बघते सर, असं म्हणाल्या. बद्रीनाथने ते होकारासारखं घेतलं. आपल्याला हवं ते उत्तर मिळालं की माणूस त्याला फार उलटंपालटं करून पाहत नाही.

संध्याकाळी स्कूटरवरून घरी जाताना मुकुंदवाडीच्या पुढे पोलिसांची गाडी उभी होती. विद्यापीठाला नवं नाव देऊन आठवडा झाला होता तरी चौकाचौकात गाड्या होत्या. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव आलं, आणि शहर तेव्हापासून दमून बसल्यासारखं, आणि तरी कान टवकारून होतं. बद्रीनाथ त्या दिवशी विद्यापीठाच्या रस्त्यावरून गेला होता, काम काढून, खरं तर बघायलाच. गेटपाशी माणसांचा समुद्र, निळे झेंडे, गुलाल. त्या गर्दीत त्याला फकिरा दिसला होता. फकिराच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता आणि त्याने चंपाबाईचा हात धरला होता. म्हातारी कमानीकडे बोट करून काही विचारत होती आणि फकिरा तिच्या कानाशी वाकून वाचून दाखवत होता, एकेक अक्षर, जसं लहान पोराला दाखवतात तसं. बद्रीनाथ पुढे झाला नाही. का, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. आपलं विद्यापीठ, आपण शिकलो ते, त्यातलं काहीतरी कुणीतरी घेतंय असं त्याला आत कुठेतरी वाटत होतं, आणि ते वाटतंय याची लाजही वाटत होती. घरी जाऊन त्याने कपाटातून पदवीचं सर्टिफिकेट काढून पाहिलं. त्यातलं एक अक्षरही कमी झालेलं नव्हतं. नानासाहेब गावाकडून फोनवर म्हणाले, "किती लोक आहेत रे ते? मूठभर. मूठभर लोकांसाठी एवढं." अठ्ठ्याहत्तर सालीही ते हेच म्हणाले होते, ओट्यावर बसून, वस्तीच्या बाजूला धूर दिसत असताना. मूठभर. सोळा वर्षांत मूठ तेवढीच राहिली होती. आज स्कूटर चालवताना बद्रीनाथच्या मनात आलं, नानासाहेब खोटं बोलत नव्हते. त्यांचं मीटर तसंच होतं. दिवा लुकलुकत होता, धूर दिसत होता, आणि आकडा शून्य येत होता. आणि त्याच घरात आपण मोजायला शिकलो. या विचाराने त्याला इतकं अस्वस्थ वाटलं की सिडकोच्या चौकात तो हिरव्या दिव्यालाही थांबला आणि मागच्या रिक्षावाल्याने त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली.

कानडखेडकर साहेब सकाळी आले. गोलसर, मऊ बोलणारे, पोटाच्या तक्रारीमुळे फक्त गरम पाणी पिणारे गृहस्थ. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे उशीशी कुस्ती. मुख्यांनी ओळख करून दिली आणि स्वतः मीटिंगला निघून गेले. बद्रीनाथने कालचीच मोठी फाइल काढली, पाठवली. लाल दिवा एकसारखा पेटून राहिला आणि पडद्यावर शंभर टक्के उमटले. "छान," साहेब म्हणाले. "फारच छान. हे असं काही आपल्या कंपनीत होईल असं वाटलं नव्हतं मला." त्यांनी खिशातलं पेन काढलं. बद्रीनाथने सुटकेचा श्वास अर्धा सोडला असेल नसेल, तोच मंजुळाबाई म्हणाल्या, "साहेब, अजून एक तपासणी राहिली आहे."

बद्रीनाथने त्यांच्याकडे पाहिलं. कालचीच फिकट पिवळी साडी होती, कपाळावर बारीक टिकली, आणि हात मांडीवर घट्ट धरलेले. त्यांनी फोन फिरवला. "फकिराभाऊ, कालच्यासारखं. एकेक विचारा." आणि दिवा लुकलुकायला लागला, आणि पडद्यावर शून्य. शून्यच. म्हणजे त्यांनी ती ओळ बदलली नव्हती. रात्र गेली, सकाळ झाली, एक ओळ, आणि ती त्यांनी बदलली नव्हती. साहेब पुढे वाकले, चष्मा वर केला, दिव्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. हे काय, असं त्यांनी विचारलं. बाईंनी सांगितलं. ब्लॉक सांगितले, पहिला ब्लॉक सांगितला. आवाज कापत होता पण एकही शब्द मागे ठेवला नाही. मग कळफलक ओढून त्यांनी साहेबांच्या देखत ती ओळ बदलली, मीटर पुन्हा चालू केलं, आणि वाळूजच्या सगळ्या खिडक्या रोजच्यासारख्या चालू द्या, असं फकिराला सांगितलं. आकडा चढायला लागला. अर्ध्यावर गेला, अर्धा ओलांडला, चढत चढत नव्वदीच्या पुढे जाऊन थरथरत उभा राहिला. तीन महिने रिकामी असलेली लाइन गळ्यापर्यंत भरलेली होती.

साहेबांनी गरम पाण्याचा घोट घेतला. "हे काल माहीत होतं तुम्हाला?"

"हो साहेब."

"मग दुरुस्त करून का नाही ठेवलंत? मला कळलंही नसतं."

"म्हणूनच नाही ठेवलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "दुरुस्त केलेलं मीटर बघून मागचे आकडे चुकलेत हे तुम्हाला कसं पटलं असतं? मी नुसतं सांगितलं असतं. नुसतं तर फकिराभाऊ पण तीन महिने सांगत होते."

बद्रीनाथला त्या क्षणी जे वाटलं ते त्याला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं होतं. अभिमान म्हणावा तर ती त्याची कोणी नव्हती. आदर म्हणावा तर शब्द फार इस्त्रीचा झाला. एवढी हिंमत आपल्या समोरच्या टेबलावर रोज डबा उघडून भाकरी खात होती आणि आपल्याला दिसली नाही, असं काहीतरी. चूक झाकणारी माणसं त्याने घरीदारी ढिगाने पाहिली होती. चूक कबूल करणारीही एखाददुसरी पाहिली होती. पण स्वतःची चूक उद्यासाठी जपून ठेवणारं, तिला हात न लावता, तिच्याशेजारी रात्रभर जागं राहणारं माणूस तो पहिल्यांदाच पाहत होता. यंत्र कसं तपासायचं हे आपल्याला येतं असं त्याला वाटत होतं. ते काल दुपारपर्यंत.

"आणि हे आधी तपासलं कुणी होतं?" साहेबांनी विचारलं. मंजुळाबाई खाली पाहत होत्या. त्या नाव घेणार नाहीत हे बद्रीनाथला कळलं, आणि ते कळल्यावर गप्प राहणं त्याला शक्यच झालं नाही. "मी, साहेब," तो म्हणाला. "मोठी फाइल मी निवडली. लहान काही पाठवून बघावं हे माझ्या डोक्यात आलं नाही. आणि काल, ओळ बदलून गप्प बसा असंही मीच सांगितलं." बोलून झाल्यावर त्याला आपले कान गरम झालेले जाणवले. पण हलकंही वाटलं. काल खिडकीपाशी वाटलं होतं तसलं हलकं नव्हे.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "वाळूजला दुसरी लाइन मिळेल," ते म्हणाले. "त्या कारकुनाची बदली मी आत्ताच थांबवतो, फोन करून. मीटरही घेऊ आपण, सगळीकडे. पण बाई, ज्यांच्या आकड्यांवर आम्ही तीन महिने चुकीचे निर्णय घेतले त्यांना आज कायम करा, असं मी वर कसं सांगू? माझं कोण ऐकणार?" त्यांना खरंच वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं, आणि त्यांच्या वाईट वाटण्याचा बाईंना काही उपयोग नव्हता. "उमेदवारी तीन महिने वाढवतो. माझ्या हातात तेवढंच आहे. पुढे बघू." मंजुळाबाई ठीक आहे साहेब म्हणाल्या. बद्रीनाथ काही बोलायला गेला तर त्यांनी त्याच्याकडे पाहून मान किंचित हलवली, म्हणजे नको. साहेब वाळूजला फोन लावायला मुख्यांच्या केबिनकडे गेले.

मग दोघेच उरले. बाईंनी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट घेतले, पडद्याकडे पाहिलं. नव्वदीच्या पुढचा आकडा अजून थरथरत होता. "किती माणसं उभी असतील हो तिथं," त्या म्हणाल्या. बद्रीनाथला त्यांना पुष्कळ सांगायचं होतं. घरी बापाला काय सांगणार, हे विचारायचं होतं. तुम्ही फार मोठं काम केलंत, असं म्हणायचं होतं, पण मोठं हा शब्द त्याला आज तोंडात घ्यावासा वाटेना. शेवटी तो म्हणाला, "मंजुळाबाई, मला असं जमलं नसतं." त्या म्हणाल्या, "मलाही सकाळपर्यंत जमत नव्हतं, सर. दोनदा ओळ बदलली होती. दोनदा परत होती तशी केली."

फोन वाजला. फकिरा होता. इतका मोठ्याने बोलत होता की बाईंनी फोन कानापासून लांब धरला आणि बद्रीनाथला सगळं ऐकू आलं. "बाई, बदली रद्द झाली आमची. दुसरी लाइन पन येतीय म्हणत्यात. आवो, तुमच्या मीटरला काय झालं, येकदम खरं बोलाय लागलं?" पलीकडे बायामाणसं हसल्याचा आवाज आला. "आन् तुमी तर आता कायमच झाल्या असणार. साहेब एवढे खूश हायत म्हनल्यावर. मग पेढे कवा?"

मंजुळाबाईंनी बद्रीनाथकडे पाहिलं. सांगू नका, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

"तीन महिन्यांनी देते की भाऊ."

"तीन महिन्यांनी? आवो बाई, लईच चिक्कू हाय तुमी."

"व्हय, हाय मी चिक्कू," मंजुळाबाई हसत म्हणाल्या. "आता फोन ठेवा. माणसं उभी आहेत तुमच्यापुढं."